कार्डाच्या कडेची चार बोटं

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक गेली कित्येक वर्षं माझ्याकडे एकच लेख मागतायत: हातमागाच्या धंद्यातले अनुभव. मी दरवर्षी दुसरंच काही देत आलो. एका वर्षी सांबार मूळचं तंजावरच्या मराठ्यांचं की नाही यावर लिहिलं, एका वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनवर. दोन्ही लेखांचं कौतुक झालं आणि मला टाळण्याची चटक लागली. यंदा लिहितोय, कारण मागच्या महिन्यात एका घरी एक गोष्ट कबूल करायला गेलो होतो आणि तिथेही टाळून परत आलो. तोंडाने जमलं नाही, आता हाताने बघतो.

आमची कंपनी चेन्नईच्या अड्यार भागात होती, झाडांनी झाकलेल्या एका बंगल्यात. हातमागाचं सुती कापड विणून घ्यायचं, त्याचे झगे आणि कुडते शिवायचे आणि ज्या देशांत लोकांना कपडे विकत घेताना अपराधी वाटतं अशा देशांत ते पाठवायचे, हा आमचा धंदा. कापडाबरोबर आम्ही थोडं पुण्यही विकायचो. खरं तर कापडाचे पैसे फारसे पडायचे नाहीत, महाग होतं ते पुण्य. त्याला आमच्याकडे ‘न्याय्य व्यापार’ म्हणत. ज्या मॅडमनी कंपनी काढली त्या हा शब्द उच्चारताना डोळे मिटत. त्यांचे स्वतःचे कपडे कुठून येत ते मला माहीत होतं, पण ते इथे लिहिण्यात अर्थ नाही.

माझा हुद्दा ‘कारागीर समन्वयक’. अड्यारला काय हवंय ते विणकरांना तमिळमध्ये सांगायचं, आणि विणकर काय म्हणतात ते अड्यारला इंग्रजीत सांगायचं. दोन्हीकडे थोडं थोडं खोटं बोलल्याशिवाय हे काम होत नाही. आमच्या घरी तंजावरची मराठी, शाळेत तमिळ, कचेरीत इंग्रजी. तीन भाषांत खोटं बोलण्याची सोय मला लहानपणापासून होती.

आमचे विणकर चेन्नईपासून बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एका गावात राहत. गावाचं नाव लिहीत नाही. माझ्या लिहिण्याने त्या गावाचं एकदा पुरेसं नुकसान झालेलं आहे. तिथे एकांबरम आणि सरोजा हे नवरा-बायको एकाच खोलीत शेजारी शेजारी दोन मागांवर विणत. हे माग जमिनीत खड्डा करून बसवलेले असतात. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायाने पावड्या दाबतो आणि हाताने धोटा फेकतो. दोघांच्या मागांचा आवाज आलटून पालटून यायचा, त्यामुळे त्यांच्यात सतत काहीतरी वाद चालू आहे असं वाटायचं. बहुतेक वेळा तो चालू असायचाच.

एकांबरमचं विणकाम इतकं सारखं होतं की एकदा परदेशी खरेदीदाराने माल परत पाठवला. हे हाताने विणल्यासारखं दिसत नाही म्हणे, यंत्रमागाचा संशय येतो. मॅडमनी मला बोलावून सांगितलं, “त्यांना म्हणावं, कापडात मानवी स्पर्श दिसू दे.” मानवी स्पर्शाला तमिळमध्ये काय म्हणावं ते मला सुचेना. मी गावी जाऊन सरळ सांगितलं, “एकांबरम, कापडात चुका पाहिजेत.”

त्याने धोटा थांबवला. “चुका?”

“थोड्या.”

“कुठे घालू? काठाला की मध्ये?”

“कुठेही. पण दिसल्या पाहिजेत.”

“चुकीसाठी माझ्या बापाने मला वेताने मारलंय, सार. तो गेला ते बरं झालं.” मग बायकोकडे वळून म्हणाला, “सरोजा, आता तू विणलेलं वर ठेवायचं, मी विणलेलं खाली.”

सरोजाने मान न वळवता उत्तर दिलं, “चुका तुम्हीच घाला. माझ्याशी लग्न केल्यापासून सवय आहे असं म्हणता ना.”

त्याने चुका घातल्या. त्याही इतक्या सारख्या अंतरावर पडल्या की मला त्याला आणखी एकदा समजवावं लागलं.

नैसर्गिक रंगांचा प्रकार याहून सोपा होता. ते चेन्नईच्या जॉर्ज टाउन बाजारात डब्यांत मिळत. आमच्या नेहमीच्या दुकानदाराला मी एकदा विचारलं, हा निळा नैसर्गिक का? तो म्हणाला, “सार, माझ्या दुकानातलं सगळं जमिनीतूनच येतं. काही सरळ येतं, काही कारखान्यातून फिरून येतं.” मी अड्यारला जाऊन लिहिलं: मातीने दिलेले रंग.

हे लिहिणंही माझ्याकडे होतं. आमच्या प्रत्येक कपड्याला एक जाड कागदाचं कार्ड बांधलेलं असे. त्यावर विणकराचा फोटो आणि खाली चार ओळींत त्याची गोष्ट. गिऱ्हाईक म्हणे आधी कार्ड वाचतं, मग कपडा अंगाला लावून बघतं. काही गिऱ्हाइकं गावापर्यंत येत. एक बाई एकांबरमच्या घरी आल्या, मागाला हात लावला आणि रडू लागल्या. डोळे पुसून त्यांनी मला सांगितलं, या स्त्रीला विचारा, ती सुखी आहे का.

मी विचारलं. सरोजा म्हणाली, “का? काही देणार आहेत का?”

“नाही, नुसतं विचारतायत.”

“मग त्यांनाच विचारा. रडतायत त्या.”

बाई माझ्याकडे आशेने बघत होत्या. मी इंग्रजीत सांगितलं, ती म्हणते, विणणं हीच माझी प्रार्थना. बाई पुन्हा रडल्या. एकांबरमने मला हळूच विचारलं, “सार, एवढं काय सांगितलंत?” पुढच्या हंगामात ते वाक्य आमच्या पिशव्यांवर छापून आलं.

आता त्या गल्लीची एक रीत सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. नवा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, मागावर चढवण्याआधी पहाटे गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरतात आणि त्याला भाताच्या पेजेची खळ लावतात. ऊन चढायच्या आत उरकावं लागतं, म्हणून सगळी गल्ली मदतीला येते. आज तुमच्या ताण्याला, उद्या माझ्या. मग तो ताणा घरात नेऊन मागावरच्या जुन्या धाग्यांना एकेक करून जोडतात. पहिला धागा जोडायचा मान सवाष्णीचा. ती हळद-कुंकू लावून पहिली गाठ मारते, मग बाकीचे पुढे बसतात. त्या गल्लीत हा मान बहुतेक सरोजाकडे यायचा. तिच्या हातची गाठ असली की ताणा मध्येच तुटत नाही असा लोकांचा समज होता. ती स्वतः यावर हसायची, पण बोलावणं आलं की हातातला धोटा टाकून, तोंड धुऊन, ताजं कुंकू लावून जायची. तिच्याकडे दागिना म्हणावा असं काही नव्हतं. हा मान होता.

हे सगळं मला माहीत होतं. माझी आई शुक्रवारी सवाष्ण जेवायला घालायची. आमच्या घरात कुंकवाचा करंडा हातातून पडला तरी आई दिवसभर गप्प असायची. तरी मी पुढचं केलं.

एका हंगामात सरोजाच्या कापडाचा झगा मुख्य ठरला. अड्यारहून फोटोग्राफर आला. सरोजा मागावर बसली होती. शेजारी एकांबरम मागाच्या चौकटीवर हात टेकून उभा होता आणि फोटोग्राफरच्या पॅन्टच्या फाटक्या गुडघ्यांबद्दल काहीतरी बोलत होता. “एवढ्या कापडांच्या कंपनीत याला एक ठिगळ मिळत नाही?” असं काहीसं. त्यावर सरोजा हसली आणि तो क्षण फोटोत आला. फोटो फार सुंदर होता. ती हसतेय, आणि तो तिला हसवल्याबद्दल स्वतःवर खूश आहे.

मॅडमनी माझा मजकूर वाचून खाली ठेवला. “यात गोष्ट कुठे आहे? नवरा आहे, मुलगी कॉलेजात आहे, दोघांना काम आहे. हे वाचून कोणी काय करावं?”

आजवर मी सगळ्यांना सांगत आलो, मनातल्या मनात स्वतःलाही, की पुढचं मॅडमनी करायला लावलं. ते खोटं आहे. मॅडम एवढंच बोलून दुसऱ्या कामाला लागल्या. मी माझ्या टेबलाशी गेलो आणि नवं कार्ड लिहिलं. सरोजाला तरुणपणी वैधव्य आलं, मागाने तिला पुन्हा उभं केलं, तुमच्या अंगावरचा प्रत्येक धागा तिच्या धैर्याची साक्ष आहे. ‘विधवा’ हा शब्द माझा. मराठीत तो माझ्या हातून कागदावर उतरला नसता. तमिळमध्ये तर लिहितानाच हात थांबला असता. इंग्रजीत काहीच वाटलं नाही. ते कार्ड समुद्रापार जाणार होतं आणि तिकडून कोणी त्या गल्लीत येऊन वाचून दाखवणार नव्हतं.

फोटोतून एकांबरमला मीच कापायला सांगितलं. कापणाऱ्या मुलाने तो कापला, पण चौकटीवर टेकलेली त्याची चार बोटं कार्डाच्या कडेला राहून गेली. मला ती दिसली. मी म्हटलं, कोण बघतंय.

मॅडमना कार्ड फार आवडलं. “बघा, एवढ्या दुःखातही कशी हसतेय,” असं त्यांनी सगळ्यांना दाखवलं. झगा त्या वर्षी सगळ्यांत जास्त खपला. माझं टेबल खिडकीजवळ गेलं.

कार्ड समुद्रापार गेलं ते गेलं, थोडा माल इथेच उरला. तो मॅडमनी शहरातल्या स्टॉलांवर काढायला सुरुवात केली. तोपर्यंत सरोजाची मुलगी वनिता शिकून चेन्नईजवळ सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. तिथे दिवाळीच्या आधी आवारात स्टॉल लागतात: मेणबत्त्या, सेंद्रिय गूळ आणि आमच्यासारखे पुण्य विकणारे व्यापारी. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने झगा घेतला आणि कार्ड तिच्या हातात दिलं. “बघ ना, किती सोसलंय या बाईने.”

वनिताचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो.

“अंकल, अम्माच्या फोटोखाली हे कोणी लिहिलंय?”

मी विचारलं काय लिहिलंय, जणू मला माहीत नव्हतं. तिने वाचून दाखवलं. मी म्हणालो, “छापखान्याची चूक झाली असणार. दुसऱ्या बाईचा मजकूर आईच्या फोटोखाली गेला.”

“आणि फोटो? तोही छापखान्याने कापला?”

“जागा कमी पडली असेल.”

“कडेला अप्पाची बोटं आहेत, अंकल. मधल्या बोटाचं मेलेलं नख दिसतंय.”

“बघतो मी,” म्हणालो. तिने “बरं” म्हणून फोन ठेवला. मी हात धुतले, अड्यारला गेलो आणि मूळ फोटो कंपनीच्या कॉम्प्युटरमधून पुसून टाकायला लावला. फोटोग्राफरलाही सांगून त्याच्याकडचा काढायला लावला. छापखान्याची चूक म्हटल्यावर मागे मूळ फोटो, त्यावर कापायची खूण आणि शेजारी माझी सही असून चालणार नव्हतं.

गावी गेलो तोवर वनिताने कार्ड घरी आणलं होतं आणि त्यातला मजकूर गल्लीभर झाला होता. एकांबरम दारातच होता. “या सार. मयताच्या घरी आलात, आता परत जाऊन आंघोळ करावी लागेल.” आत बसल्यावर म्हणाला, “भुताला कॉफी मिळेल का, सरोजा? सारना पण दे, ते अजून जिवंत आहेत.” तो खरोखर मजा घेत होता. मेलेल्या माणसाचे हप्ते कोण भरतं हे विणकरांच्या सोसायटीत विचारून यायचं म्हणाला.

सरोजा हसली नाही. तिने कॉफी ठेवली आणि विचारलं, “छापखान्याची चूक ना, सार?”

“हो.”

“मग गल्लीत तसं सांगा. मी सांगितलं तर खरं वाटत नाही.”

मी गल्लीत उभा राहून चार बायकांना गोळा केलं आणि मोठ्या आवाजात सांगितलं, कचेरीतल्या माणसाच्या रुबाबात. छापखान्याने घोळ केला, त्यांना आम्ही काम देणं बंद केलंय, वगैरे. बायकांनी माना हलवल्या. अशा वेळी माना हलवणं त्यांना चांगलं जमतं.

त्यानंतर एका पहाटे मी नमुन्यांसाठी तिथेच होतो. समोरच्या घरचा ताणा गल्लीत लागला होता, खळ लावून झाली, ताणा आत गेला. सरोजा ताजं कुंकू लावून आपल्या दारात उभी राहिली. बोलावणं आलं नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, “मी येऊ ना?”

तिने यापूर्वी कधी विचारलं नसेल. समोरची बाई “ये ना, ये की” म्हणाली, पण जरा उशिरा. तेवढ्या वेळात गल्लीतल्या सगळ्यांनी हातातली कामं थांबवली होती. सरोजा गेली, गाठ मारली, परत आली. पुढच्या वेळी तिने निरोप पाठवला की मनगट दुखतंय. त्यानंतर ते मनगट कायमचंच दुखू लागलं. त्याच मनगटाने ती आमचं कापड मात्र दिवसभर विणत होती.

कोणी तिला काही बोललं नाही, कोणी दुष्ट नव्हतं. पण सवाष्णीचं नाव आणि तो शब्द एका कागदावर छापून आले होते, आणि त्या गल्लीत कोणाला आपला ताणा पणाला लावायचा नव्हता. मी तेव्हाही खरं सांगू शकलो असतो. ते कार्ड मी लिहिलं, मुद्दाम लिहिलं, तुमच्या सरोजाचा यात काही अपशकुन नाही, माझाच काय तो आहे, एवढंच म्हणायचं होतं. म्हणजे राग माझ्यावर आला असता आणि ती त्यातून सुटली असती. माझं टेबल खिडकीजवळ होतं आणि निवृत्ती जवळ आली होती.

कंपनी नंतर बंद पडली. मॅडम आता भरडधान्याची बिस्किटं विकतात. त्यांच्या पाकिटावर एका शेतकरी बाईचा हसरा फोटो आहे. खालचा मजकूर मी वाचत नाही.

मागच्या महिन्यात वनिताचा फोन आला. एकांबरम गेला, छातीच्या दुखण्याने, बरेच महिने हॉस्पिटलच्या खेपा चालू होत्या. मी जायला निघालो तेव्हा बायकोने पिशवीतल्या फळांकडे बघितलं. काही वर्षांपूर्वी मी तिला हे सगळं सांगितलं होतं, मॅडमवर ढकलून, आणि तिला त्यातलं एक अक्षर पटलं नव्हतं. ती म्हणाली, “नुसती फळं देऊन परत येणार असाल तर फळं मीच कुरिअर करते.”

बसमध्ये मी तमिळ वाक्य जुळवत गेलो. ते कार्ड मी लिहिलं होतं, छापखान्याने नाही. मला क्षमा करा. याच्यापुढे काही जोडायचं नाही, मॅडमचं नाव घ्यायचं नाही, असं ठरवलं. उतरेपर्यंत वाक्य पाठ झालं होतं.

खोलीत एकच माग होता. दुसऱ्याचा खड्डा फळ्या टाकून बंद केला होता आणि त्यावर तांदळाचं पोतं ठेवलं होतं. भिंतीवर एकांबरमचा फोटो होता, वनिताच्या मोबाईलमधला मोठा करून लावलेला. हॉस्पिटलमधला असल्यामुळे अगदी चेहऱ्यापुरता कापलेला होता. सरोजा समोर येऊन बसली. तिच्या कपाळाकडे मला बघवेना, म्हणून मी फळं बाहेर काढत राहिलो.

माझा चेहरा बघून तिलाच माझी दया आली असावी. म्हणाली, “तुम्ही त्या छापखान्यावर किती चिडला होता, सार. गल्लीत उभे राहून बोललात. ते म्हणायचे, सारना आपल्यापेक्षा जास्त लागलंय. आता सोडून द्या. त्यांनी जरा लवकर छापलं, एवढंच.”

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी “सरोजाम्मा” एवढं म्हणालोही.

ती म्हणाली, “एक काम होतं तुमच्याकडे. हा फोटो बघवत नाही मला. लग्नातल्या फोटोत ते घाबरलेले दिसतात. पण तुमचा तो मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो होता बघा, माझ्या मागाशी उभे होते, त्या मुलाच्या पॅन्टला हसत होते. कापायच्या आधीचा. तो कचेरीत कुठेतरी असेल ना? वनिता म्हणते, कोणाला माहीत असलं तर सारनाच असेल.”

आत वनिता भांडी लावत होती, तो आवाज थांबला.

मी म्हणालो, “असेल. शोधतो.”